एकशे बेचाळीस शून्यं

"काही दिसलं का रे, हरिश्चंद्र?"

"नाही, बाई."

आठल्येबाईंनी मनगटावरचं घड्याळ पार नाकाजवळ नेलं, वेळ बघितली आणि मांडीवरच्या कागदावर एक शून्य काढलं. सात वाजून एकतीस मिनिटं. लाँच खाडीच्या तोंडाशी होती. डाव्या हाताला उघडा समुद्र, उजव्या हाताला खाडी, आणि समोर कातळीचा धक्का. मी सुकाणू धरून त्या धक्क्याकडे बघत होतो.

"समुद्र कसा लिहू?"

"शांत लिहा."

"वारा?"

"नाहीच म्हणा ना."

हे आमचं रोजचं बोलणं. मोरवणे ते कातळी ही लाँच मी तेवीस वर्षं चालवली. लाँचवर सुकाणू धरतो त्याला सारंग म्हणतात, तो मी. बाई सकाळच्या पहिल्या फेरीला यायच्या, माझ्या शेजारच्या फळीवर बसायच्या, पलीकडे न उतरता त्याच लाँचने परत यायच्या. तिकीट मात्र दोन्ही वेळचं काढायच्या. मालकांनी कितीदा सांगितलं, नको म्हणून. बाई म्हणायच्या, "फुकट बसले की माणूस पाहुणा होतो. मी कामाला येते."

काम म्हणजे गादे मोजायचं. आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. एका संस्थेने किनाऱ्यावर ठिकठिकाणी अशी माणसं नेमली होती. पगार नाही, काही नाही, नुसते छापील कागद. दीपगृहावरचा एक जण होता, दोन शिक्षक होते, एक गळाने मासे मारणारा डॉक्टर होता. आणि आमच्या बाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. किती वाजता, किती गादे, पिल्लू आहे का, कोणत्या दिशेला गेले, सगळं कागदावर लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी पोस्टाने पाठवायचं. बाकीच्यांचे कागद कधी यायचे, कधी नाही. बाईंचा एकही कधी चुकला नाही.

पहिली दोन वर्षं बाई बसतच नव्हत्या. छपराचा खांब धरून उभ्या असायच्या. माझ्याआधी त्यांना दिसायचं. "हरिश्चंद्र, डावीकडे, तीन! मागे एक छोटा!" असं ओरडायच्या आणि अख्खी लाँच डावीकडे कलायची. माणसांना परत जागेवर बसवताना मला घाम फुटायचा. कोळणी टोपल्या सोडून उभ्या राहायच्या. बाई तेव्हा साठीच्या पुढच्या, पण आवाज असा की पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जावा.

तिसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडाला त्या बसायला लागल्या. मग विचारायला लागल्या, "काही दिसलं का रे?" पहिल्यांदा मला वाटलं, पाय दुखत असतील. मग एकदा त्यांनी पन्नासची नोट समजून शंभराची दिली. एकदा लाँचवर चढताना पाय फळीवर न ठेवता फळीच्या शेजारी ठेवला. मी दंड धरला म्हणून वाचल्या. "फळी ओली होती," म्हणाल्या. फळी कोरडी होती. साखरेचा आजार त्यांना जुनाच. मी काही बोललो नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

माझं घर तेव्हा वेगळ्याच फेऱ्यात होतं. गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मंदा, माझी बायको, विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि पाठीचं हाड मोडून बसली. दीड महिना इस्पितळात, मग घरी पलंगावर. मूलबाळ नाही. दुपारी भावाची बायको येऊन बघून जायची, बाकी सगळं माझ्याकडे. तीनला उठायचं, तिला साफ करायचं, कूस बदलायची, पेज करायची, भरवायची, कपडे धुवायचे, साडेसहाला धक्क्यावर. दुसरा सारंग होता तो गोव्याला गेला होता, म्हणून सहाच्या सहा फेऱ्या माझ्याच. घरी गेलं की पुन्हा तेच. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ती हाक मारायची नाही, बिचारी. पण तिने हाक मारली नाही की मला जास्तच जाग यायची.

मार्च महिन्यात एका रविवारी मी बाईंच्या घरी बांगडे द्यायला गेलो. ओटीवर एक तरुण बाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. संस्थेच्या आश्लेषा मॅडम, कागद ज्यांच्याकडे जायचे त्या.

"हे आमचे सारंग," बाई म्हणाल्या.

मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. निळ्या रेघा होत्या, उंच, बुटक्या. आणि शेवटी रेघाच नव्हत्या.

"ही तुमच्या खाडीच्या तोंडाची नोंद. दोन वर्षं बघा कशी भरलेली आहेत. आणि सप्टेंबरच्या शेवटापासून हे असं. एकशे बेचाळीस दिवस, सगळी शून्यं." त्यांनी डोळे चोळले. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "अठरा तारखेला जनसुनावणी आहे. कंपनीला मालाच्या बार्जसाठी खाडीच्या तोंडावरची वाळू उपसायची आहे. आमची माहिती सगळ्यांना खुली असते, त्यांनी ती मागून घेतली. आता ते म्हणणार, इथे डॉल्फिन येतच नाहीत, तुमचेच लोक सांगतायत."

"पण नाही आले तर नाही आले असंच लिहिणार ना?" बाई म्हणाल्या. "मनाचं कसं लिहायचं?"

"मनाचं नकोच, बाई. मी फक्त खात्री करायला आले. हाताने लिहिलेले एवढे नियमित कागद मला कुठूनच येत नाहीत. तुम्ही स्वतः बघता ना?"

"मी एकही दिवस चुकवलेला नाही," बाई म्हणाल्या.

मॅडमच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मॅडमनी विचारलं होतं एक आणि बाईंनी सांगितलं होतं दुसरं.

"आणि काका, तुम्ही तर सुकाणूवरच असता. तुम्हाला दिसले का?"

"नाही," मी म्हणालो. "दिसले नाहीत."

बांगड्यांची पिशवी तशीच हातात होती. ती ओटीवर ठेवून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला मी पाण्याकडे बघितलं.

एवढंच केलं. धक्का सोडला आणि तोंडाशी आल्यावर मान डावीकडे वळवली. वाळूच्या पट्ट्याजवळ, जिथे लाटा फुटतात त्याच्या जरा अलीकडे, एक काळपट पाठ वर आली आणि गेली. मग दुसरी, तिसरी. मग एक मोठी आणि तिच्या कुशीला लागून एक लहान, राखाडी. पाच होते. अगदी निवांत. कुठून लांबून आलेल्यांसारखे नव्हते, आपल्या अंगणात फिरावं तसे फिरत होते. कोळणींतल्या शेवंती मुणगेकरणीने टोपलीवरून मानही वळवली नाही. तिला मी मागे वाकून विचारलं, "अगो, ह्ये कवापास्नं?"

"कोण? गादे? रोजच असतात की," ती म्हणाली. "तू काय आज बघतोस?"

होय, त्या दिवशी बघितलं. त्याआधीचे पाच-सहा महिने मी बघितलंच नव्हतं. डोळे उघडे असायचे. समोर कातळीचा धक्का, त्यावरचा पांढरा खांब, तो आला की वेग कमी करायचा, एवढं मला पुरत होतं. बाई विचारायच्या, काही दिसलं का? मान वळवायची म्हटली तर ती वळवायची ताकदच नसायची, आणि 'नाही' म्हणायला काही लागत नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, दुसऱ्या दिवशी म्हटलं. मग ते आपोआपच तोंडातून यायला लागलं.

"काही दिसलं का रे?" शेजारून बाईंनी विचारलं. शेवंती मागच्या बाजूला होती. इंजिनाच्या आवाजात आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "पाच. एक पिल्लू."

बाईंचा हात कागदावर थांबला. "पाच?"

"होय."

"आले," त्या म्हणाल्या. "आले रे परत!" आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. उभ्या राहिल्या, खांब शोधला, धरला, आणि गादे ज्या बाजूला नव्हते त्या बाजूला बघत राहिल्या.

त्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन केला. मंगळवारी तीन दिसले, बुधवारी चार. बाई लाँचवर येताना माझ्यासाठी बेसनाचे लाडू घेऊन आल्या. म्हणाल्या, "मॅडम म्हणत होत्या, सहा महिने जागा सोडून जातात आणि परत येतात, असं आजवर कुठे नोंदलेलं नाही. फार महत्त्वाचं आहे म्हणाल्या. त्या यावर लेख लिहिणार आहेत. तुझंही नाव घालायला सांगितलंय मी."

लाडू मी रुमालात बांधून ठेवले.

गुरुवारी बारा ते दोनच्या सुट्टीत मी बाईंकडे गेलो आणि त्यांना धक्क्यावरच्या बाकापर्यंत घेऊन आलो. घरात बोलायचं धाडस होईना.

"बाई, ते कुठे गेले नव्हते."

"कोण?"

"गादे. ते इथेच होते. मी बघत नव्हतो."

बाईंना आधी कळलंच नाही. हसल्या. "बघत नव्हतास म्हणजे? तू तर मला रोज सांगत होतास."

"न बघताच सांगत होतो."

खाली धक्क्याला लाटा लागत होत्या. बाईंनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग एक्स्चेंजमध्ये विचारावं तसं, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"मंदा पडली तेव्हापासून."

"सगळे?"

"एखाद्या दिवशी बघितलंही असेल. कोणत्या, ते आता सांगता येणार नाही."

"तुझ्या डोळ्यांवर मी सही करत होते," त्या म्हणाल्या. "एकशे बेचाळीस सह्या. नाव हरिश्चंद्र, आणि..."

मलाही राग आला. दमलेल्या माणसाला आपल्या चुकीचाही राग येतो. मी म्हणालो, "तुम्हाला दिसत नाही, हे तुम्ही मॅडमना का नाही सांगितलंत? मला दिवाळीपासून माहीत आहे. आंधळ्या माणसाने मोजायचं आणि मेलेल्या माणसाला विचारायचं, असं चाललं होतं आपलं."

बाई उठल्या. नाव बांधायच्या खुंटाला पाय लागला, हेलपाटल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी झटकला.

"सांगितलं असतं तर कागद काढून घेतले असते माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "मग मी सकाळी उठून करायचं काय?"

आणि धक्क्याच्या कठड्याला हात लावत लावत निघून गेल्या.

शुक्रवारी त्या आल्या नाहीत. शनिवारीही नाहीत. पुढचा अख्खा आठवडा त्यांची फळी रिकामी राहिली. त्या मॅडमना काय सांगणार, सांगणार की नाही, मला काही कळायला मार्ग नव्हता. मंदा म्हणाली, "जाऊन पाय धरा." मी म्हणालो, "जातो." गेलो नाही. वेळ मिळाला नाही असं म्हणायचो, पण खरं म्हणजे ताकद नव्हती.

जनसुनावणी कातळीच्या शाळेच्या पटांगणात होती. त्या दिवशी लाँच भरभरून माणसं नेली. शेवटी मीही लाँच बांधून मंडपात जाऊन बसलो, मागून चौथ्या रांगेत. पुढे टेबलाशी जिल्ह्याचे एक अधिकारी, त्यांच्या बाजूला कंपनीचा माणूस. बाई पहिल्या रांगेत होत्या, मॅडमच्या शेजारी. इस्त्रीचं फिकट पिवळं पातळ नेसून आलेल्या.

मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "लाँचवरच्या गेल्या जूनपासूनच्या सगळ्या नोंदी आम्ही मागे घेत आहोत. त्या धरू नयेत." एवढं बोलून बसल्या. ओटीवर चटपटीत बोलणाऱ्या मॅडमना त्या दिवशी आवाजच नव्हता.

कंपनीचा माणूस लगेच म्हणाला, "म्हणजे नऊ महिन्यांत इथे डॉल्फिन असल्याचा तुमच्याकडे काहीच पुरावा नाही. बरोबर?"

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. कोणीतरी माईक दिला. तो त्यांनी चाचपून घेतला.

"मी कुमुदिनी आठल्ये. ते कागद मी लिहिलेत," त्या म्हणाल्या. "साहेब, गादे दिसले नाहीत आणि गादे बघितले नाहीत, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी 'दिसले नाहीत' असं लिहिलं. लिहायला हवं होतं 'बघितले नाहीत'. मला गेल्या जूनपासून दिसत नाही. उजवा डोळा पूर्ण गेलाय, डाव्याने नाकाजवळ धरलेलं तेवढं कळतं. डॉक्टरचा कागद मी मॅडमना दिलेला आहे. मी हे लपवलं. माझी चूक आहे. त्या शून्यांवर तुम्ही काही बांधू नका आणि काही उपसू नका."

मंडपात कुजबुज झाली. पोरं हसली. "आंधळी मोजत होती!" असं मागून कोणीतरी म्हणालं. बाईंनी ते ऐकलं. माईक खाली केला नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "पण बाई, तुम्ही रोज जात होता. तुमच्याबरोबर बघणारं दुसरं कोणी होतं का? कोणाला विचारून लिहीत होता का?"

मॅडमनी मान वळवून मागे बघितलं, रांगांमधून, नेमकं माझ्याकडे. मी चपलेचा अंगठा बघायला लागलो.

"नाही," बाई म्हणाल्या. "कोणी नव्हतं. मी एकटीच."

तेव्हा मी उठायला हवं होतं. उठलो नाही.

परत जाताना लाँच गच्च भरलेली होती. बाई आपल्या फळीवर येऊन बसल्या. धक्का सुटला. मग म्हणाल्या, "तू सकाळी किती वाजता उठतोस?"

"तीनला."

"आणि झोपतोस?"

"तसं काही ठरलेलं नाही. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते."

"एवढे महिने तुझ्या शेजारी बसले," बाई म्हणाल्या. "मंदा कशी आहे, हे विचारलं. तू कसा आहेस, ते नाही."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर मालक काय म्हणाला असता? सुकाणूवरचा माणूस पाणी बघत नाही, मग साठ माणसं कोणाच्या भरवशावर नेतो? दुसऱ्या दिवशी तुला घरी बसवला असता. मग मंदाचं औषध?" त्यांनी पदर सावरला. "माझं काय, माझी नोकरी कधीच संपलीय."

सोमवारी दुपारी बारा वाजता मी घरी आलो तर बाई मंदाच्या पलंगाशी बसल्या होत्या. पोफळीच्या बागेतून वाट विचारत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू झोप. दोनला उठवते." मी विचार केला, पाच मिनिटं पडू. बरोबर दोन वाजता त्यांनी मला हलवून उठवलं. त्यानंतर लाँच चालू असेल त्या प्रत्येक दिवशी बाई यायच्या. सव्वा वर्ष. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही, कारण मी झोपलेला असायचो. मंदा हळूहळू बसायला लागली, मग काठी घेऊन परसात जाऊ लागली. लाँचवर मात्र बाई पुन्हा आल्या नाहीत.

वाळूचं म्हणाल तर, अधिकाऱ्यांनी वर्षभराची नवीन पाहणी करायला सांगितली. पगारी माणसं आली, दुर्बिणी घेऊन. गादे होतेच, ते त्यांनी मोजले. वाळू शेवटी उपसलीच, पण दोन वर्षांनी, आणि तोंडावरची नाही, आतल्या बाजूची. आता पूल होतोय, लाँच बंद आहे. मी निवृत्त. मंदा आहे. बाई जाऊन दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका मास्तरांनी मला संस्थेचं पुस्तक आणून दिलं. पंधरा वर्षांच्या सगळ्या नोंदी त्यात आहेत. आमच्या खाडीच्या पानावर निळ्या रेघा, मध्ये नऊ महिन्यांची पोकळी, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'निरीक्षकाच्या दृष्टिदोषामुळे नोंदी वगळल्या आहेत.'

ती ओळ मी मंदाला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा बाहेर जायचा सदरा काढून ठेवलेला होता.

एसटीने संस्थेत गेलो. तीन तास लागले. आश्लेषा मॅडमचे केस पांढरे व्हायला लागलेत. पाणी दिलं, बसवलं. मी पुस्तक उघडून पान समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, मंदा पडली तिथपासून. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

शेवटी म्हणाल्या, "मी तेव्हा मागे वळून तुमच्याकडे बघितलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"मला वाटलं होतं, तुम्ही उठाल."

"मला पण वाटलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी ते पान स्वतःकडे वळवलं. "आता मी याचं काय करू, काका? पुस्तक छापून झालं. त्या नोंदी तशाही गेल्याच आहेत."

"पुढच्या वेळी छापाल तेव्हा ही ओळ बदला."

त्यांनी पेन घेतलं. "काय लिहू?"

"लिहा," मी म्हणालो, "बाईंना दिसत नव्हतं. हरिश्चंद्र वासावेला दिसत होतं, त्याने बघितलं नाही."